दाबेलीच्या आधीची जागा

तुमच्या नाक्यावरच्या गाडीवर 'अस्सल कच्छी दाबेली' असं लिहिलेलं असेल, तर ते तिथे लिहायचा हक्क त्या गाडीला कोणी दिला, हे तुम्ही कधी विचारलं आहे का? नसेल विचारलं. मीही विचारलं नव्हतं. पाटी वाचायची, पाव खायचा, कागदाला बोटं पुसायची आणि चालू लागायचं, ही आपली सगळ्यांची रीत. पण आमच्या भिवंडीत एक माणूस असा होता, की जो हा प्रश्न विचारल्याशिवाय रंगाच्या डब्याचं झाकण उघडत नसे. तो पाट्या रंगवायचा आणि 'कच्छी' हा शब्द लिहायला सरळ नकार द्यायचा.

सगळं गाव त्यांना कच्छी पेंटर म्हणायचं. मूळचे कच्छमधल्या मांडवीचे. विशीत भिवंडीला आले आणि इथलेच झाले. टेम्पोच्या मागचं नाव, दवाखान्याची पाटी, लूमच्या शेडवरचा 'आत विडी ओढू नये' हा हुकूम, सगळं त्यांच्या हातचं. मराठी, उर्दू आणि गुजराती ते लिहायचे. पद्मानगरातल्या दुकानांसाठी तेलुगू अक्षरं चित्रासारखी बघून उतरवायचे आणि मग दुकानदाराला विचारायचे, "वाचता येतंय ना? की शिवी लिहिली मी?"

त्यांची एक खोड लांबूनच दिसायची. बारीक रेघ मारायची वेळ आली, की ब्रश टर्पेंटाइनमध्ये खळबळवायचा, फडक्याला पुसायचा आणि त्याचं टोक ओठांत धरून टोकदार करायचं. दोन बोटांनी नाही, ओठांनीच. त्यामुळे ज्या रंगाचं काम चालू असेल तो रंग त्यांच्या ओठांवर असायचा. निवडणुकीच्या दिवसांत त्यांचे ओठ बघून लोक ओळखायचे, आज कुठल्या पक्षाची भिंत चालली आहे. चहावाला ओरडायचा, "पेंटर, कल तो तुम हरे थे!" त्यावर ते म्हणायचे, "कल वो पैसा दे रहा था. आज ये दे रहा है. मैं तो दीवार का आदमी हूँ."

भिवंडीतच टेमघरला एका चाळीत त्यांची एक खोली होती. खिडकी होती, पण तिला टेकून पत्रे ठेवलेले, म्हणजे नसल्यासारखीच. आत पाऊल टाकलं की टर्पेंटाइनचा भपका डोळ्यांत जायचा. मी दारातच पदरासारखी ओढणी नाकाला लावायचे. ते विचारायचे, "काय झालं, बेन?" मी म्हणायचे, "काका, वास!" ते मान वर करून इकडेतिकडे बघायचे आणि म्हणायचे, "कसला वास?" मला वाटायचं, गंमत करतात. एकदा स्टोव्हवरचं दूध करपून काळं झालं, शेजारीण धावत आली, आणि हे समोर बसून 'मेडिकल'मधल्या 'ड'ला वळण देत होते. आम्ही म्हटलं, बघा, कामात किती बुडालेला माणूस! आम्हाला कौतुक करायची घाई होती.

मी तेव्हा विशीत होते. बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते आणि आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. पुढे पत्रकं लिहूही लागले. लूम कामगारांची आमची एक छोटी संघटना होती. बारा तासांची शिफ्ट, सुट्टी फक्त शुक्रवारची, कानात दिवसभर लूमचा खडखडाट, आणि यांच्या विरोधात आमची एक भिंत. भिंत रंगवायला पेंटरकाका. पहिल्याच दिवशी मी त्यांना कागद दिला: 'विजय आपलाच आहे'. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"विजय झाला?"

"होणार आहे, काका."

"झाला की सांग. लिहीन."

"अहो, ती घोषणा आहे!"

"बेन, ही भिंत आहे. तू बोलशील आणि विसरशील. भिंतीवरचं दहा वर्षं राहतं. दहा वर्षं माझं खोटं लोक वाचणार."

मी चिडले, भांडले, त्यांच्या वयाचाही मान ठेवला नाही. शेवटी भिंतीवर लिहिलं गेलं, 'लढा चालू आहे'. आणि त्याच्या वर त्यांनी एका ओळीची मोकळी जागा सोडली. "जागा सोडलीय," म्हणाले, "खरं झालं की भरू." ती भिंत पडेपर्यंत ती ओळ मोकळीच राहिली. पण त्या दिवसापासून मी त्यांची भक्त झाले. खोटा शब्द न लिहिणारा माणूस! आम्हा पत्रकवाल्यांना असा माणूस सापडला, की आम्ही त्याच्यातलं माणूसपण विसरून त्याचा झेंडाच करून टाकतो. मीही तेच केलं. त्याबद्दल पुढे सांगते.

दाबेलीच्या बाबतीत त्यांचा नियम हाच होता. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत भिवंडीत दाबेलीच्या गाड्या धडाधड उभ्या राहत होत्या. गोदामं वाढली, ट्रक वाढले, उभ्या उभ्या खाणारी माणसं वाढली. जो तो गाडीवाला पेंटरकडे यायचा आणि म्हणायचा, "वर लिहा, अस्सल कच्छी दाबेली." काका म्हणायचे, "आधी खाऊ दे." खायचे. सावकाश, डोळे मिटून. मग म्हणायचे, "एक कमी आहे." आणि गाडीवर 'दाबेली' एवढंच लिहायचे. तेही मधोमध नाही, उजवीकडे सरकवून. डावीकडे अडीच अक्षरांची जागा खडूने मोजून मोकळी ठेवायचे. "जागा सोडलीय. खरी झाली की बोलाव."

शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे मलाही वेळ. मी त्यांच्याबरोबर फिरायचे. कल्याण रोडवरच्या एकाने बटाट्यात बीट घातलं होतं. काका म्हणाले, "हा रंग माझ्या डब्यातून घेतलास का रे?" पडघ्याच्या बाजारात एकाने पावभाजीचा मसाला टाकला होता आणि वरून चीज किसत होता. काकांनी त्याला हात जोडले. "भाई, छान आहे. फक्त हिला दाबेली म्हणू नकोस, तिला वाईट वाटेल." एकाने पाव लोण्यात असा बुडवला होता की तो उचलतानाच घसरला. मांडवीची दाबेली कशी, हे सांगताना काकांचा आवाज खाली यायचा. पाव लहान. तवा नुसता दाखवायचा, तळायचा नाही. आत चिंच-खजुराची गोडी, लसणाची ओली चटणी, मसाल्यातले शेंगदाणे, डाळिंबाचे चार दाणे. "आणि पाव तोंडाशी आला ना बेन, की खायच्या आधीच कळतं. अर्धी दाबेली तर तिथेच होते." हे शेवटचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! त्याचा अर्थ मात्र कळला नाही.

जवळच्या वळ गावात, गोदामांच्या रांगेसमोर, पद्माक्काची गाडी होती. घरचे लोक तेलंगणातून लूमवर आलेले, पण ही जन्मली भिवंडीतच. नवऱ्याची छाती कापसाने भरलेली, काम सुटलेलं. लग्नानंतर बारा वर्षं तिने एका कच्छी व्यापाऱ्याच्या घरी स्वयंपाक केला होता. तिथल्या म्हाताऱ्या आजींनी तिला पाट्यासमोर बसवून हा मसाला शिकवला होता. चूक झाली की वाटलेला मसाला परत वाटायला लावायच्या. त्या आजी गेल्या, घर मुंबईला गेलं, आणि पद्माक्काने आकाशी रंगाची गाडी घेतली. तिची दाबेली मी खाल्ली तेव्हा काकांचं वर्णन माझ्या हातात होतं. लहान पाव, नुसता तवा दाखवलेला, डाळिंबाचे चार दाणे. मी काकांकडे पाहिलं. डोळे मिटलेले. आज नक्की, असं मनात म्हणते तोच ते बोलले.

"एक कमी आहे."

पद्माक्काने उलथनं खाली ठेवलं. "क्या कम है, चाचा? नमक?"

"नमक बराबर."

"तिखट?"

"बराबर."

"गोड?"

"तेही बरोबर."

"फिर क्या कम है? मेरा नसीब?"

काकांना सांगता येईना. ते खरंच कासावीस झाले. पण गाडीवर पिवळ्या रंगात, लाल सावली देऊन 'दाबेली' एवढंच लिहिलं गेलं, आणि डावीकडे अडीच अक्षरांचा आकाशी पत्रा तसाच राहिला.

त्यानंतर ते दर शुक्रवारी तिच्याकडे जायचे. इतर गाड्या त्यांनी सोडून दिल्या. तिच्यावरच त्यांची आशा होती. दर शुक्रवारी एक दाबेली, दर शुक्रवारी तेच वाक्य. तिने लवंग वाढवली, दालचिनी कमी केली, मसाला उन्हात ठेवून पाहिला, ताजा वाटून पाहिला. एकदा भुजकडून माल घेऊन आलेला एक ड्रायव्हर चार दाबेल्या खाऊन हात धूत होता. त्याने तिला विचारलं, "बेन, तमे कच्छी छो?" ती म्हणाली, "नहीं भाई, मैं तो यहीं की." तो आणखी दोन बांधून घेऊन गेला. हे काकांच्या समोर घडलं. मी म्हटलं, "ऐकलंत?" ते म्हणाले, "त्याला भूक लागली होती."

पद्माक्काची गाडी ज्यांच्या जागेवर उभी असायची ते दामूदादा वळचेच. शेती गेली, गोदामं आली, पण बोलणं शेतातलंच राहिलेलं. ते येता-जाता चिडवायचे, "पद्मे, तुझे दाबेलीला आडनाव हाय, नाव न्हाय गो. बारसा कवा करतेस?" आजूबाजूचे हमाल हसायचे. तीही हसायची. सुरुवातीला.

मग समोर दुसरी गाडी लागली. तिच्यावर फ्लेक्स होता. तेव्हा फ्लेक्स नवा होता. कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाने काहीही चाखलं नव्हतं, काहीही विचारलं नव्हतं. त्याने एका दुपारात छापून दिलं: 'वर्ल्ड फेमस अस्सल कच्छी दाबेली'. शेजारी हिरव्या झाडांचा, निळ्या डोंगरांचा फोटो. कच्छमध्ये! मी रागाने लाल झाले. पण ट्रक थांबायचे ते त्या फोटोसमोर. कारण माणूस परगावी उतरला, की आधी वाचतो आणि मग खातो. आणि पद्माक्काच्या गाडीवर वाचायला काय होतं? एक शब्द आणि त्याच्या आधी एक भोक. लोकांना वाटायचं, आधी काहीतरी लिहिलं होतं आणि कोणीतरी खोडायला लावलं.

एके दिवशी ती माझ्या घरी आली. उभी राहिली, बसली नाही.

"तू बोल ना त्यांना. तुझं ऐकतात."

"अक्का, ते खोटं लिहीत नाहीत."

"खोटं? तू खाल्लीस ना माझी? सांग, काय खोटं आहे तिच्यात?"

मी म्हटलं, "मी कच्छ पाहिलेलं नाही."

"मग गप्प बस ना," ती म्हणाली. "जे तुला माहीत नाही, त्याची शपथ का घेतेस?"

उत्तर नसलं की आमच्यासारखी माणसं तत्त्व सांगतात. मीही सांगितलं. एका शब्दाने सुरुवात होते, मग सगळंच खोटं होतं, वगैरे. ती ऐकत होती. तिच्या बोटांना चिंचेचा कोळ वाळलेला होता. शेवटी म्हणाली, "तुझा बाप लूमवर होता ना? मग तुला माहीत पाहिजे. उपाशी माणसाला तत्त्वं शिकवू नयेत." आणि गेली.

संध्याकाळी मी काकांकडे गेले. ती येऊन गेल्याचं सांगितलं. ते ब्रश धूत होते. त्यांचा हात थांबला. मला आजही वाटतं, त्या क्षणी ते डळमळले होते. म्हणाले, "पोरीची दाबेली चांगली आहे, बेन. फार चांगली आहे. पण…" मी 'पण'च्या पुढे त्यांना जाऊच दिलं नाही. म्हटलं, "काका, हलू नका. सगळे हलतात. तुम्ही हलू नका." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी त्यांच्यावर एक पत्रक लिहिलं. 'न लिहिलेला शब्द' असं त्याचं नाव. पाचशे प्रती काढल्या आणि शेडाशेडात वाटल्या. त्यात फ्लेक्सवाल्यांना झोडपलं होतं, बाजाराला झोडपलं होतं, आणि वळच्या रस्त्यावरच्या एका आकाशी गाडीचा उल्लेख होता, जिला 'अजून' तो शब्द मिळालेला नाही. पत्रक छापलं गेल्यावर काका काय हलणार होते? मी त्यांना भिंतीसारखं रंगवून ठेवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मांडवीहून निरोप आला. थोरला भाऊ गेला. तीस वर्षांनी काका गावी गेले. जाताना म्हणाले, "दिवस झाले की खाऊन येतो. एकदा परत जिभेवर घेतो, म्हणजे पद्माला सांगता येईल काय कमी आहे ते. बिचारी विचारते, आणि मला सांगता येत नाही." हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांना तिला हरवायचं नव्हतं. त्यांना तिला तो शब्द द्यायचा होता.

पंधरा दिवसांनी परतले. मी टेमघरला गेले तर ते खाटेवर बसले होते. ओठांवर कुठलाच रंग नव्हता. त्यांचे ओठ मूळचे कसे आहेत, हे मी पहिल्यांदा पाहिलं. पांढुरके, चिरा पडलेले.

"खाल्लीत?" मी विचारलं.

"खाल्ली."

"मग?"

"एक कमी आहे."

मला हसू आलं. "काका, मांडवीची पण कच्छी नाही म्हणता?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "तीच गाडी. बापाच्या जागी मुलगा. तोच मसाला, तोच तवा. माझ्या बाजूला भावाची नात उभी होती. एवढीशी. पाव अजून तव्यावर होता आणि ती म्हणाली, दादा, केवढा वास सुटलाय. मी श्वास घेतला, बेन. परत घेतला. काही नव्हतं."

मग त्यांनी मला दोन बाटल्या आणायला सांगितल्या. एक टर्पेंटाइनची, एक पाण्याची. डोळे मिटून बसले. म्हणाले, "एकेक नाकाशी धर. कुठली आधी ते सांगू नकोस." मी टर्पेंटाइनची बाटली धरली. माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं, तो वास असा होता. त्यांनी खोल श्वास घेतला. मग दुसरी धरली. परत श्वास घेतला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"दोन्ही पाणीच आहे ना?" त्यांनी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं, जे आम्हाला त्या खोलीत कळलं होतं. बंद खोली, टर्पेंटाइन, आणि दिवसातून शंभर वेळा नाकाखाली ओठांत धरलेला ब्रश. कित्येक वर्षांपूर्वीच वास गेलेला. गोड, आंबट, खारट, तिखट कळत होतं, म्हणून वास गेल्याचं कळलंच नाही. अशी माणसं म्हणतात, जेवणात काहीतरी कमी आहे. परत येईल का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली.

पत्रकात शत्रूचं नाव पहिल्या ओळीत येतं. मला लहानपणापासून तेच शिकवलेलं. त्या दिवशी घरी जाताना मी पहिली ओळ शोधत होते आणि सापडत नव्हती. कोणाला शिव्या घालू? टर्पेंटाइनला? ब्रशला? या माणसाने कधीच खोटं लिहिलं नाही, आणि वर्षानुवर्षं गावभर एक खोटा निकाल देत फिरला. आणि त्या निकालाच्या पाचशे प्रती मी काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका पिवळ्या रंगाचा डबा, लाल रंगाचा डबा आणि दोन ब्रश घेऊन निघाले. मीही बरोबर. रस्ताभर ते एकच बोलत होते, "माझं नाक गेलं, पण त्या ड्रायव्हरचं होतं ना. तो सांगत होता. मी ऐकलं नाही." वळला पोचलो. समोरचा फ्लेक्स उन्हात चमकत होता. अलीकडे, जिथे आकाशी गाडी असायची, तिथे चाकांना लावायच्या चार विटा होत्या आणि तेल सांडून काळी झालेली जमीन.

दामूदादा गोदामाच्या दारात बसले होते. म्हणाले, "गेली ना ती. आठ दीस झाले. टेंपोत गाडी घातली, नवऱ्याला बसवला न गेली."

"कुठे?" मी विचारलं.

"मना काय सांगली न्हाय. कोन बोलतं सोलापूर, कोन सुरत बोलतं. कोन बोलतं तिकरं तेलंगनात, नवऱ्याचे गावाला." मग काकांच्या हातातल्या डब्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. चिडवायची सवय, पण त्या दिवशी चिडवलं नाही. एवढंच म्हणाले, "पेंटर, बारशाला उशीर केलास रं."

काका त्या चार विटांजवळ बसले. डबा उघडला नाही. ब्रश मात्र त्यांनी खिशातून काढला होता, आणि सवयीने त्याचं कोरडं टोक ओठांत धरलं होतं.

पुढचं फार नाही. फ्लेक्सने त्यांचं काम तसंही संपवत आणलं होतं. जे थोडं यायचं ते त्यांनी नाकारलं. जुने गाडीवाले म्हणायचे, चाचा, आता तरी लिहा 'कच्छी', तर म्हणायचे, "आता मला कळणार नाही कोणाची खरी. एकीचीच माहीत होती." ते एसटीच्या डेपोत जाऊन बसायचे. बाहेरगावहून येणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरना विचारायचे, "तुमच्याकडे एक आकाशी गाडी बघितली का? पिवळी अक्षरं, लाल सावली, आधी जागा मोकळी?" लोकांना वाटायचं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. एकदा कोणीतरी सांगितलं, सोलापूरला पाहिली. काका गेले, चार दिवस शोधून परत आले. ती गाडी हिरवी होती.

दीड वर्षाने ते गेले. न्युमोनिया, असं कागदावर लिहिलं होतं. खोली मी आवरली. डबे बहुतेक सगळे सुकलेले. फक्त पिवळा आणि लाल, दोन्ही झाकणांना मेणाने बंद केलेले, आत रंग ओला. ते डबे माझ्याकडे आहेत. मी दर सहा महिन्यांनी उघडून ढवळते आणि परत बंद करते. कशासाठी, ते मलाही नीट सांगता येत नाही. पद्माक्का भेटेल असं मला वाटत नाही. तिच्या नवऱ्याच्या छातीतली घरघर मी ऐकली होती, आणि फिरत्या गाड्यांचं पुढे काय होतं तेही मला ठाऊक आहे. नगरपालिका उचलते, नाहीतर भंगारवाला.

तरीही एक काम सांगते. करा. सोलापूर, सुरत, तेलंगणातलं सिरसिल्ला, कुठेही असा, नाक्यावर एखादी आकाशी गाडी दिसली, पिवळ्या अक्षरांत 'दाबेली' लिहिलेली, लाल सावली उजवीकडे, आणि डावीकडे अडीच अक्षरांचा मोकळा पत्रा, तर थांबा. आधी एक दाबेली खा. ती तोंडाशी आली की खायच्या आधी श्वास घ्या, तुमचं नाक शाबूत आहे तोवर. मग त्या बाईला विचारा, लिहू का? ती नाही म्हणाली तर भिवंडीच्या दोघांनी माफी मागितली आहे, एवढं सांगा आणि तिथून निघा. ती हो म्हणाली तर जवळच्या दुकानातून कसलाही रंग आणा. पिवळाच हवा असं नाही. अक्षर वळणदार नसलं तरी चालेल. ब्रशचं टोक बोटांनी करा, आणि तो शब्द तिथे लिहून टाका.